मागच्या चाकाला प्ले (सैल हालचाल) आहे, पण नट घट्ट लागतो : दोष नेमका कुठे शोधावा?

खाडीपलीकडची

नमस्कार. माझ्याकडे ११० सीसीची, गिअर नसलेली स्कूटर आहे. ती मी सात वर्षे वापरते आहे आणि काटा ४१ हजार किलोमीटरच्या पुढे गेला आहे. रत्नागिरीहून पावसच्या बाजूला शाळेत शिकवायला रोज याच गाडीने जाते. गेल्या तीन आठवड्यांपासून भाट्याच्या पुलावरचे सांधे ओलांडताना गाडीचा मागचा भाग कमरेत लचकल्यासारखा वाटतो. पूल संपून चढ लागला आणि अॅक्सिलरेटर पिळला की मागून एकदाच ‘टक्’ असा आवाज येतो. येताना उतारावर अॅक्सिलरेटर सोडला की पुन्हा तसाच एक आवाज येतो. सरळ, सपाट रस्त्यावर एका वेगाने चालवत असताना मात्र काहीही जाणवत नाही.

सुमारे दोन महिन्यांपूर्वी मागचा टायर बदलून घेतला होता. त्रास सुरू झाल्यावर एका गॅरेजमध्ये दाखवले, तेव्हा त्यांनी मागचा मोठा नट लांब पाइप लावून आवळला आणि आता काही होणार नाही असे सांगितले. तीन दिवसांनी पुन्हा तेच. दुसऱ्या गॅरेजमध्ये गेले, तर त्यांनी चाक हलवून पाहिले आणि बेअरिंग गेले आहे, इंजिनची बाजू खोलावी लागेल, असे सांगितले. एका नातेवाइकांच्या मते टायरच खराब निघाला आहे. तीन ठिकाणी तीन उत्तरे मिळाल्यामुळे मी गोंधळले आहे. पैसे खर्च करायला माझी हरकत नाही, परंतु जो भाग बिघडलाच नाही तो बदलून येण्याची भीती वाटते. घरी पान्यांचा संच आहे आणि भाऊ मदतीला आहे. दोष कुठे आहे हे आम्हाला घरच्या घरी ठरवता येईल का? आणि तोपर्यंत गाडी चालवावी की नाही?

आयटीआय_निवृत्त

ताई, आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. दोष सापडेपर्यंत ही गाडी चालवू नका, अगदी दुकानापर्यंतसुद्धा नाही. आपल्या प्रकारच्या स्कूटरचे मागचे चाक एका दांड्यावर एकाच नटाने धरलेले असते. उजव्या बाजूने त्याला दुसरा कसलाही आधार नसतो, आणि त्या नटाची पकड सुटली तर चाक बाहेर सरकून सायलेन्सरला घासू लागते. पुलावर किंवा उतारावर तसे झाले तर सावरायला वेळ मिळत नाही.

आता मूळ मुद्दा. चाक हलते आहे ही तक्रार ऐकली की जो दिसेल तो नट आवळायचा, ही सवय मी वर्गात मुलांना सोडायला लावत असे. हालचाल नेहमी कोणत्या तरी दोन भागांच्या मध्ये असते. ते दोन भाग कोणते हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पाना हातात घेऊ नये. आपल्या गाडीत अशा पाच जागा संभवतात: टायर आणि रिम, रिमचा हब (चाकाचा मधला भाग) आणि त्यातून आलेला दांडा, दांडा आणि गिअरपेटीतील बेअरिंग, इंजिन आणि चासी यांच्यामधले रबरी बुश (जोडावर बसवलेल्या नळ्या), आणि शॉकअपची वरची व खालची टोके. बऱ्याच जणांना ठाऊक नसते की आपल्या गाडीच्या मागच्या चाकात स्वतःचे बेअरिंग असतच नाही. चाकाच्या हबला आतून दाते असतात, ते गिअरपेटीतून बाहेर आलेल्या दांड्याच्या दात्यांवर बसतात, आणि ज्या बेअरिंगवर हे सारे फिरते ती गिअरपेटीच्या आत असतात. त्यामुळे ‘चाकाचे बेअरिंग गेले’ या वाक्याचा अर्थ आपल्या गाडीपुरता ‘गिअरपेटी खोलावी लागेल’ असा होतो, आणि म्हणूनच ते वाक्य पुरेशा खात्रीशिवाय मान्य करू नये.

गाडी सपाट जागेवर मेन स्टँडवर लावा, म्हणजे मागचे चाक अधांतरी राहील. इंजिन बंद आणि थंड असावे, कारण हात सायलेन्सरजवळ जाणार आहे. टायर घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी दोन्ही हातांनी धरा आणि एक हात आत, एक बाहेर असा हलका झोका द्या. मग तेच तीन आणि नऊच्या जागी करा. प्ले जाणवला की भावाला मागचा ब्रेक घट्ट दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर ब्रेक शू फाकून चाकाच्या ड्रमला आतून घट्ट धरतात, म्हणजे चाक इंजिनच्या अंगाशी जखडले जाते. तेव्हा ब्रेक दाबताच प्ले नाहीसा झाला किंवा निम्म्याने कमी झाला तर दोष नट, दाते किंवा बेअरिंग यांच्याकडे आहे. ब्रेक दाबूनही तो तेवढाच राहिला तर चाक इंजिनसकट हलते आहे, आणि मग पाहायचे ते इंजिनचे बुश आणि शॉकअप. ही एक परीक्षा अर्धे काम करते.

उरलेल्या अर्ध्यासाठी खडू घ्या. शिक्षिकेच्या घरी तो असणारच. उजव्या बाजूने पाहिले की नटाच्या मधोमध दांड्याचे टोक दिसते. सायलेन्सर आड येत असेल तर तो उतरवावा लागेल. दांड्याच्या टोकावरून, नटावरून आणि पुढे हबवरून जाणारी एकच सरळ रेघ ओढा. खडू टिकत नसेल तर नेलपॉलिश उत्तम. मग ब्रेक सोडून चाक फिरण्याच्या दिशेने थोडे पुढे, थोडे मागे असे झटके द्या आणि नजर फक्त त्या रेघेवर ठेवा. रेघ सरळ राहून सगळेच एकत्र किंचित फिरले तर ती गिअरच्या दात्यांमधली नेहमीची मोकळीक आहे, ती नव्या गाडीतही असते. परंतु दांडा आणि नट जागेवर राहून रेघेचा हबवरचा तुकडाच पुढे-मागे सरकला, तर हबच्या दात्यांमध्ये झीज आहे आणि नटाने हब दाबून धरलेला नाही. बारा-सहाच्या परीक्षेतही दांड्याच्या टोकाकडेच पाहा: चाकाबरोबर दांडाही डोलत असेल तर बेअरिंग; दांडा स्थिर आणि चाकच डोलत असेल तर बेअरिंगला दोष देऊ नका.

बेअरिंग खरोखर गेले असेल तर आणखी दोन खुणा सहसा मिळतात. वेगाबरोबर चढत जाणारी घरघर ऐकू येते. शिवाय दांडा डोलल्यामुळे ऑइल सील फाटते, गिअर ऑइल ड्रममध्ये उतरते आणि मागचा ब्रेक लागेनासा होतो. आपण यांपैकी एकही लक्षण लिहिलेले नाही, ‘टक्’ मात्र दोनदा लिहिले आहे.

दोन_स्ट्रोक

वरील उत्तर अतिशय नेमके आहे. मी पुण्यात राहतो आणि माझ्याकडे अजून बजाजची जुनी चेतक स्कूटर आहे, म्हणून एक तुलना मांडतो, कारण या प्रश्नाचे मूळ मला त्यात दिसते.

१९७२ पासून आकुर्डीत बनू लागलेल्या त्या गाडीलाही मागे दात्यांचा दांडा आणि एक मोठा नट आहे. परंतु तो नट ड्रमला धरतो, चाकाला नव्हे. चाक त्या ड्रमवर वेगळ्या लहान नटांनी बसते. त्यामुळे पंक्चर झाले की आपण लहान नट काढायचो, स्टेपनी चढवायचो आणि मधल्या मोठ्या नटाला वर्षानुवर्षे कोणाचा हातही लागत नसे. शिवाय त्यावर कंगोरेदार टोपी आणि आरपार गेलेली स्प्लिट पिन असल्यामुळे तो सैल होऊन निघून जाण्याचा प्रश्नच नव्हता. आताच्या बहुतेक गिअर नसलेल्या स्कूटरांत टायर बदलायचा म्हणजे तोच मुख्य नट खोलायचा. ज्या नटावर सारी भिस्त आहे तो दर टायरमागे एकदा उघडला जातो, आणि तो परत कसा बसवला गेला हे पाहायला आपण बहुधा तिथे थांबत नाही. ताई, आपला त्रास टायर बदलल्यानंतर सुरू झाला, हा मला योगायोग वाटत नाही.

टायरचा संशयही एकदा निवारून घ्यावा. चाक अधांतरी असताना एक पेन्सिल चिकटपट्टीने एखाद्या न हलणाऱ्या भागाला अशी बांधा की तिचे टोक रिमच्या काठापासून केसभर अंतरावर राहील, आणि मग चाक सावकाश फिरवा. रिम वाकडी असेल तर ते अंतर कमी-जास्त होताना स्पष्ट दिसते. २ मिलिमीटरपर्यंतचा फरक सर्वसाधारणपणे चालतो, त्याहून जास्त असेल तर रिम खड्ड्यात मार खाल्लेली समजावी. नंतर तीच पेन्सिल टायरच्या कडेला लावून पाहा. टायर रिमच्या काठात सगळीकडे सारखा बसलेला नसला तर त्याच्या बाजूवरची गोल रेघ कुठे काठाजवळ, कुठे दूर दिसते. मात्र टायरचा दोष चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात जाणवतो, अॅक्सिलरेटर पिळताना एकदाच ‘टक्’ करत नाही.

खाडीपलीकडची

दोघांचेही मनापासून आभार. गाडी त्याच दिवशी उभी केली आणि चार दिवस एसटीने गेले. काल रविवारी भावाबरोबर सगळे करून पाहिले, ते जसे दिसले तसे लिहिते.

बारा-सहाला धरून हलवल्यावर चाकाला चांगलाच प्ले जाणवला, टायरच्या काठावर साधारण करंगळीच्या नखाएवढा. तीन-नऊला धरूनही तेवढाच. भावाने मागचा ब्रेक दाबल्यावर तो जवळजवळ नाहीसा झाला. इंजिनला हात लावून वेगळे हलवून पाहिले तर ते हलत नाही. पेन्सिल लावून रिम पाहिली, तीही सरळ आहे.

सायलेन्सर उतरवल्यावर नट पूर्ण दिसला. नटाभोवती, हबच्या मधल्या खोलगट भागात, तांबूस भुकटी साचलेली होती. बोटाने पुसली तर हळदी-कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवल्यासारखी ती बोटाला लागली. तेलकट अजिबात नव्हती, कोरडी होती. खडूची रेघ ओढली आणि चाकाला पुढे-मागे झटका दिला, तर रेघ चक्क तुटली. दांडा आणि नट यांवरचा भाग एका ओळीत राहिला आणि हबवरचा तुकडा दोनेक मिलिमीटर सरकून परत आला. प्रत्येक वेळी तोच ‘टक्’ आवाज आला, जो मी तीन आठवडे ऐकत होते. तो हातात सापडल्यावर खरे सांगायचे तर हायसे वाटले. दांड्याचे टोक बारा-सहाच्या परीक्षेत डोलत नाही.

परंतु नट आवळून पाहिला तर तो तसूभरही फिरत नाही. मग नट घट्ट आणि हब सैल, हे एकाच वेळी कसे शक्य आहे?

आयटीआय_निवृत्त

ताई, आपले निरीक्षण इतके स्वच्छ आहे की आता अंदाज करायला फार थोडी जागा उरली आहे. आणखी एकच गोष्ट पाहा. शेजारीपाजारी कोणाकडे आपल्याच मॉडेलची स्कूटर असेल तर तिच्या नटाच्या बाहेर दांड्याचे किती आटे दिसतात ते मोजा आणि आपल्या गाडीचे मोजा.

विचारण्याचे कारण सांगतो. नट थेट हबवर बसत नाही. मध्ये एक जाड वायसर असतो, काही गाड्यांत त्याबरोबर एक छोटा कॉलरही असतो. नट वायसरला दाबतो, वायसर हबला आणि हब आतल्या बाजूला टेकतो. अशी ही साखळी पूर्ण झाली तरच हब दांड्यावर आवळला जातो. टायर बदलताना तो वायसर जमिनीवर राहिला, किंवा त्याच्या जागी पातळ वायसर टाकला गेला, तर नट नेहमीपेक्षा आत जातो आणि हबला नीट दाबण्यापूर्वीच दांड्यावरचे आटे जिथे संपतात तिथे अडकतो. पाना लावणाऱ्याच्या हाताला तो पक्का आवळल्याचीच जाणीव होते. पाइप लावून कितीही जोर केला तरी तो जोर आट्यांच्या शेवटाला जातो, हबला नाही. आपल्या पहिल्या गॅरेजने नट आवळला तो प्रामाणिकपणेच आवळला असेल, पण त्या श्रमाचा उपयोग झाला नाही तो बहुधा यामुळे.

ती तांबूस भुकटी म्हणजे लोखंडावर लोखंड सूक्ष्म अंतराने घासून निघालेला आणि गंजलेला चुरा. चाक मोकळे होऊन रोज हजारो वेळा दात्यांवर आपटते, तेव्हा ती तयार होते. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत तिला रंग लवकर चढतो. ती तेलकट नाही, याचा अर्थ ऑइल सील शाबूत आहे, आणि ही बेअरिंग ठीक असल्याची आणखी एक खूण समजा.

घाटरस्ता

एक शंका. माझ्या जुन्या गाडीला असाच प्ले आला होता, तेव्हा मेकॅनिकने थंड पेयाच्या डब्याचा पत्रा कापून दात्यांमध्ये बसवून दिला आणि गाडी आठ महिने चालली. नवे चाक घेण्यापेक्षा हा मार्ग स्वस्त पडेल का? काही जण नट वेल्डिंगने टाका मारून कायमचा पक्का करतात, असेही ऐकले आहे.

आयटीआय_निवृत्त

आपण अनुभव मोकळेपणाने सांगितलात म्हणून स्पष्ट लिहितो. दोन्ही गोष्टी करू नयेत. तो पत्रा मऊ अॅल्युमिनियमचा असतो. काही दिवसांत तो चिरडून निघून जातो, आणि मधल्या काळात आवाज बंद झाल्यामुळे आपण निर्धास्त होतो. दाते मात्र झिजतच राहतात. आपले आठ महिने निभावले, पण त्या काळात चाक कशाच्या आधारावर होते हे कोणीच सांगू शकले नसते. वेल्डिंगच्या उष्णतेने दांड्याची कडकपणाची प्रक्रिया बिघडते, जवळचे रबरी सील जळते, आणि पुढच्या वेळी टायर बदलायचा झाला तर दांडाच कापावा लागतो. एका चाकाचे पैसे वाचवताना गिअरपेटीचा दांडा गमवायचा, हा व्यवहार बरोबर नाही.

बहुतेक वेळा हबचे दाते आधी झिजतात आणि दांड्याचे शाबूत राहतात, कारण दांडा अधिक कठीण पोलादाचा असतो. म्हणून ताई, चाक उतरवल्यावर दांड्याच्या दात्यांवरून नख फिरवून पाहा. माथा सपाट आणि दोन्ही बाजू सारख्या लागल्या तर दांडा वाचला. एका बाजूने दाते करवतीसारखे तिरके झाले असतील तर मात्र दांडाही बदलावा लागेल, नाहीतर नवा हब काही महिन्यांत त्याच वाटेने जाईल.

खाडीपलीकडची

समोरच्या इमारतीतील काकांकडे हीच गाडी आहे. त्यांच्या नटाबाहेर दोन आटे दिसतात. माझ्या गाडीचे पाच मोजले. भावाने ते पाहिले आणि काही न बोलता पाना खाली ठेवला.

नंतर एका माहितीतल्या मेकॅनिककाकांना घरीच बोलावले आणि चाक माझ्यासमोर उतरवले. नटाखाली एक पातळ, कुठल्या तरी दुसऱ्या कामाचा वायसर निघाला, आणि त्याचे भोकही दांड्यापेक्षा मोठे होते. हबचे दाते एका अंगाने खाल्लेले होते. टॉर्चच्या उजेडात ते पाण्याने झिजलेल्या पायरीसारखे दिसत होते. दांड्यावर नख फिरवले, तिथे मात्र दाते सारखे लागले. काकांनी बेअरिंग हाताने फिरवून पाहिले, ते गुळगुळीत फिरते आहे. म्हणजे गिअरपेटी खोलण्याची गरज नाही. आमच्या मॉडेलला हब आणि ड्रम चाकासकट एकसंध येतो, त्यामुळे चाक, मूळ मापाचा वायसर आणि नट असे तीन भाग मागवले आहेत. जुना नट पुन्हा वापरता येईल का, आणि किती आवळावा, एवढे सांगाल का?

आयटीआय_निवृत्त

नट नवाच लावा. हा आपोआप सैल न होणाऱ्या जातीचा नट असतो, आट्यांना मुद्दाम चावून बसतो. एकदा का तो नुसत्या बोटांनी फिरू लागला की त्याचा तो गुण संपलेला असतो. दांड्याचे दाते तारेच्या ब्रशने आणि रॉकेलने स्वच्छ करा, गंजाचा कणही राहू देऊ नका, आणि त्यावर ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवा. जास्त ग्रीस लावले तर ते उष्णतेने वितळून ड्रममध्ये जाते. ब्रेक शू उघडेच आहेत, तेव्हा लायनर किती उरले आहेत तेही आताच पाहून घ्या.

आवळण्यासाठी टॉर्कचा पाना, म्हणजे नट किती जोराने आवळला जातो ते दाखवणारा पाना, मिळवा. आपल्या मॉडेलचा नेमका आकडा सर्व्हिस पुस्तिकेतून घ्यावा. अशा स्कूटरांच्या मागच्या नटाला साधारणपणे १२ किलोग्रॅम-मीटरच्या आसपास टॉर्क सांगितलेला असतो. म्हणजे ३० सेंटिमीटर लांबीच्या दांडीच्या टोकाला सुमारे ४० किलोचा जोर, किंवा अर्धा मीटर लांब पाइपच्या टोकाला सुमारे २४ किलोचा. हा हिशेब यासाठी दिला की लांब पाइप आणि अंगातला सगळा जोर एकत्र आला तर नट सहज प्रमाणाबाहेर आवळला जातो आणि आटे ताणले जातात. भावाने मागचा ब्रेक दाबून धरावा, म्हणजे चाक फिरणार नाही. नट बसल्यावर बाहेर दिसणारे आटे मोजा. सायलेन्सर परत चढवताना त्याच्या तोंडाशी असलेले पॅकिंग नवे घाला.

खाडीपलीकडची

भाग आठवड्याने आले, काल संध्याकाळी सगळे बसवले. काकांकडे टॉर्कचा पाना होता. नटाबाहेर दोन आटे दिसतात. खडूऐवजी यावेळी लाल नेलपॉलिशची रेघ ओढली आहे, दांडा, नट आणि हब तिघांवरून. आज सकाळी भाट्याचा पूल सावकाश ओलांडला. सांध्यांवर गाडी सरळ राहिली, आणि चढावर अॅक्सिलरेटर दोनदा मुद्दाम पिळून सोडून पाहिला, आवाज आला नाही. शाळेत पोहोचल्यावर गाडी मेन स्टँडवर लावून वाकून पाहिले. रेघ जशीच्या तशी आहे.

आयटीआय_निवृत्त

छान झाले. १०० किलोमीटर झाल्यावर ती रेघ पुन्हा एकदा पाहा, आणि पुढचा टायर बदलताना वायसर स्वतःच्या हातात धरून उभ्या राहा.